स्वतंत्र कामाचा दाखला

"दगड फोडणाऱ्याला भूशास्त्र येत असतं, तर आपण इथे कशाला बसलो असतो?"

मार्गदर्शक सर असं म्हणाले आणि माझ्या प्रबंधातल्या एका नावावर त्यांनी पेन्सिलीने आडवी रेघ मारली. नाव माझ्या वडिलांचं, आबांचं होतं. केबिनमध्ये माझ्या निम्म्या वयाच्या दोन विद्यार्थिनी होत्या. त्या हसल्या. मीही हसलो.

रेघ सरांनी मारली. नाव पुसलं मी.

आम्ही वडार. आबांनी कांदिवलीच्या खाणीत तीस वर्षं दगड फोडला. मी अंधेरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. चव्वेचाळिसाव्या वर्षी एमएस्सीला बसलो. स्वतंत्र संशोधन प्रकल्प करायचा होता. आबांच्याच, आता बंद पडलेल्या खाणीच्या भिंतीत लाव्ह्याचे थर किती, हा विषय घेतला. महिनाभर हिंडून मला दोनच दिसले.

एका रविवारी आबांना रिक्षाने घेऊन गेलो. दगडाच्या धुळीने छाती गेलेली. दहा पावलं चालले की बसायचे. भिंतीवर हातोडी मारत मारत एका जागी थांबले.

"हितं बद्द वाजतोय. दगड बदलला बघ."

झुडपं काढली. मागे तांबड्या मातीचा पट्टा, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडतो तसा. तिसऱ्या थराची सीमा. माझा सगळा निष्कर्ष त्या आवाजावर उभा आहे.

म्हणून मी लिहिलं होतं, ही सीमा त्यांनी ओळखली. सर म्हणाले, इथे मजूर नको, आणि दुसऱ्याने शोधलं तर प्रकल्प स्वतंत्र कसा? मी घाबरलो. नाव काढलं. कुणी विचारेल म्हणून आभारांतही घातलं नाही. दाखल्यावर सही केली: हे काम मी स्वतंत्रपणे, कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केले आहे.

बांधलेली प्रत घरी आणली. आबांना फक्त स्वतःचं नाव वाचता यायचं, तेही मराठीत. हजेरीवर सही करण्यापुरतं शिकलेले. पानं उलटत म्हणाले, "माझं नाव कुठाय रं?"

"इंग्रजीत आहे, आबा."

"दाव की."

मी त्यांचं बोट एका शब्दावर ठेवलं. तो शब्द 'बेसॉल्ट' होता, म्हणजे काळा दगड.

"लई बारीक लिवलंय," ते म्हणाले. मग शेजारच्या मावशींना बोलावून तो शब्द दाखवला. मावशींनाही इंग्रजी येत नव्हतं.

चार महिन्यांनी आबा गेले. त्या शब्दालाच आपलं नाव समजून गेले.

यंदा सरांनी त्याच कामाचा शोधनिबंध तयार केला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. संमतीची सही मागितली. मी म्हणालो, तिसरा थर माझ्या वडिलांनी शोधला, त्यांचं नाव घाला.

"म्हणजे तुमचा दाखला खोटा," सर शांतपणे म्हणाले. "पदवी जाईल, कळतंय का?"

"कळतंय, सर. खोटाच आहे."

सही दिली नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः विद्यापीठात अर्ज दिला. कुणी शोधलं, मी कुठे खोटं बोललो, सगळं लिहिलं, आबांच्या पूर्ण नावासकट. पोच घेतली आहे. चौकशी बसेल. पदवी काढून घ्यायची तर घ्या. पण तिसरा थर छापायचा असेल, तर तो शोधणाऱ्या वडाराचं नाव आधी छापा. नाहीतर मी जिथे तिथे उभा राहून सांगेन, हे काम चोरीचं आहे, आणि चोरांत मी पहिला.