तुझ्यासाठी दिलेलं मत

"बसा ना तुम्ही. मी उतरतोच आहे."

सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, सकाळी हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल, कोण जाणे. आमचं टॅम्पिनीस हे त्या मार्गावरचं जवळजवळ पहिलंच स्टेशन, त्यामुळे बसायला जागा हमखास मिळायची. पण हे वाक्य म्हणणारे गृहस्थ बसायचे नाहीत. दाराजवळचा खांब धरून, पाठीवरची बॅग पोटाशी घेऊन उभे राहायचे आणि कोणी रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं की हेच उत्तर द्यायचे. उतरायचे मात्र थेट माझ्याबरोबर रॅफल्स प्लेसला, पार शहराच्या पोटात गेल्यावर.

एकदा मी म्हटलंच, "अहो, अर्धा डबा रिकामा आहे. बसलात तर काय होईल?"

"ताई, पाहुण्यानं पंगतीत पहिला पाट धरू नये," ते म्हणाले. "उगाच कुणाच्या डोळ्यावर कशाला यायचं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याच्या घरी गेली की खुर्चीच्या कडेला टेकतात, पाणी अर्धंच पितात आणि पंखा लावू का विचारलं तर घाम पुसत "नको नको" म्हणतात. फरक इतकाच की हे गृहस्थ या पाहुणचारात मध्यमवयीन झाले होते. मुलगी इथेच जन्मली होती, बिशानच्या शाळेत जात होती. तरी राहायचा परवाना नोकरीपुरताच. दर दोन-तीन वर्षांनी तो वाढवून घ्यायचा. कायमच्या परवान्यासाठी त्यांनी बरेचदा अर्ज केला, दर वेळी नकार आला. नकार आला की ते शिरा करून आणायचे. "तोंड गोड करा, अजून दोन वर्षं पाहुणेच," असं म्हणायचे.

आमची बँक एकच. मी हिशेबाच्या विभागात, ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांत. टॅम्पिनीसला इमारतही एकच. ते आमच्या वरच्या मजल्यावर. त्यामुळे त्यांचं घर मला पाठ होतं, आणि त्यांची आई तर न भेटताच पाठ झाली होती.

आई मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकटी राहायची. एकदा इथे येऊन गेली होती. "इथं माणसं दारं लावून बसतात," म्हणाली आणि मुदत संपायच्या आत परत गेली. रोज आमच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. यांचे हात भाजीपोळीत, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्यानं लावलेला. पहिला प्रश्न ठरलेला : "कवा येतूस?"

"येतो की. बघतो." हे त्यांचं उत्तर.

त्या वर्षी भारतात निवडणुका आल्या आणि म्हातारीचा आवाजच बदलला. गावात सभा होत होत्या. सरकार बदललं की गावाबाहेरच्या माळावर कारखाने येणार, पोरांना पुण्यामुंबईला जावं लागणार नाही, असं कोणीतरी भाषणात सांगितलं होतं. ते तिनं जसंच्या तसं उचललं, फक्त पुण्यामुंबईच्या जागी सिंगापूर घातलं.

"कंपनी यायली म्हणं माळावर. तुझं शिक्षण वाया जाणार न्हाई."

"आई, ते निवडणुकीत बोलतात तसं."

"तू गप. ह्या टायमाला खरंच यायली."

मतदानाच्या दिवशी फोन उशिरा आला. ऊन मी म्हणत होतं, रांगेत तिला चक्कर आली होती, कोणीतरी सावलीत बसवून पाणी दिलं होतं. पण मत दिल्याशिवाय ती घरी गेली नव्हती.

"अगं, राहू द्यायचं होतंस," हे ओरडले. "एका मतानं काय होतंय?"

"तुझ्यासाठीच दिलं बघ," पलीकडून आवाज आला. "न्हाईतर मला म्हातारीला काय करायची कंपनी?"

त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. आजूबाजूला आमचे फिलिपिनो आणि चिनी सहकारी कसल्यातरी विनोदावर हसत होते.

पुढच्या वर्षी निवडणूक इथे आली. त्यांच्या शेजारी एक चिनी अंकल राहायचे. बस चालवून निवृत्त झालेले, गुडघे गेलेले. बायको नव्हती. एकुलत्या एक मुलाची ऑफिसातली नोकरी गेली होती आणि तो दिवसभर घरी बसून असायचा. आमच्या या गृहस्थांचं आणि अंकलचं चांगलं गूळपीठ. दिवाळीला चकल्या तिकडे, चिनी नववर्षाला संत्री इकडे. संध्याकाळी दोघं खालच्या कॉफीशॉपमध्ये बसायचे. ते एकच ठिकाण, जिथे हे खुर्चीवर पूर्ण टेकून बसत.

तिथे त्या दिवसांत मतांचीच चर्चा. कुणाला बस वेळेवर हवी होती, कुणाला दवाखान्यातली रांग कमी व्हायला हवी होती. अंकलचं म्हणणं सरळ होतं. बाहेरून फार लोक आलेत. गाड्यांत उभं राहायला जागा नाही, आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत. जे सरकार येईल त्यानं आधी हे आवरावं.

मग एकदम समोर कोण बसलंय ते लक्षात येऊन अंकलनी यांच्या हातावर हात ठेवला आणि इथल्या सवयीचं 'लाह' जोडून म्हणाले, "नॉट यू, लाह. यू ओके. अदर्स."

हे मला सांगताना ते हसत होते. "ताई, मी विचारलं, अंकल, हे अदर्स राहतात कुठे? तर म्हणाले, दुसऱ्या ब्लॉकमध्ये!"

मतदानाच्या दिवशी मुलगा झोपून राहिला, म्हणून अंकलची चाकाची खुर्ची यांनीच ढकलत नेली. मतदान जवळच्या शाळेत होतं. यांना आत जायचा काही संबंध नव्हता. आतल्या स्वयंसेवकानं खुर्ची घेतली, हे फाटकाबाहेर सावलीत उभे राहिले. थोड्या वेळानं अंकल बाहेर आले, समाधानानं मान हलवत म्हणाले, "आय व्होट फॉर माय बॉय."

"तेच वाक्य हो, ताई," ते मला गाडीत सांगत होते. "आईचंच. फक्त भाषा वेगळी." मग खांबाला डोकं टेकवून म्हणाले, "तिकडे आईचं मत मी परत यावं म्हणून. इकडे अंकलचं मत मी परत जावं म्हणून. दोन देशांचं इतकं एकमत कशावर झालं नसेल. मीही तिसरं मत त्यातच टाकलं असतं. पण जाऊन करू काय? माळावर नुसता बोर्ड लागलाय. पोरीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. गावी गेली की एसटीच्या पाट्या चित्रं बघावीत तशी बघते. तिला कुठल्या शाळेत घालू?"

माझ्याकडे कायमचा परवाना होता. अशा वेळी तो गळ्यात घातलेल्या दागिन्यासारखा टोचतो.

पुढे कधीतरी माळावर एक गोदाम खरंच उभं राहिलं. आई चालत तिथे गेली. तिथल्या साहेबाला तिनं बजावलं की माझ्या पोराला कॉम्प्युटर येतो, त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवा. साहेब बिचारा भला असावा. म्हणाला, "आजी, आम्हाला सध्या वॉचमन हवाय."

तिनं फोन केला. "वॉचमनची हाय म्हणं. पगार कमी हाय, पण रात्री जेवायला घरी येशील."

टेबलाशी त्यांची मुलगीही होती, शाळेला सुट्टी म्हणून आलेली. आजीचं बोलणं तिला कळलं आणि ती खुदकन हसली. वडिलांचा चेहरा बघून मात्र गडबडली. "पप्पा, डोन्ट क्राय लाह. शी जस्ट मिसिंग यू."

"रडतोय कुठे? मिरची लागली," ते म्हणाले. डब्यात दहीभात होता.

नियम हळूहळू कडक होत गेले. मतदारांनी मागितलं होतं आणि सरकारनं ऐकलं होतं; यात चूक कोणाची म्हणायची? एका नूतनीकरणाला यांचा परवाना वाढला नाही. मुलीची मोठी परीक्षा पुढच्या वर्षी होती, शाळा सोडवणं शक्य नव्हतं. तिला विद्यार्थी म्हणून आणि यांच्या बायकोला तिची पालक म्हणून राहता येत होतं. बिशानला एका कुटुंबाकडे दोघींसाठी एक खोली मिळाली. दोघींचा खर्च चालवायचा तर यांना परदेशातच कमवायला हवं होतं. आखातातल्या एका कंपनीनं घेतलं. मधे आठ दिवस मिळत होते, ते गावी काढायचे ठरले.

निघायच्या सकाळी अंकलचा मुलगा स्वतःहून बॅगा खाली घेऊन आला. त्याला विमानतळावर काम लागलं होतं, अंगावर नवा गणवेश होता. मागून अंकल चाकाच्या खुर्चीत बसून हातांनी ती रेटत आले. टॅक्सी उभी होती. अंकलनी यांच्या शर्टाची बाही पकडली आणि सोडेचनात.

"व्हाय यू? आय नेव्हर से यू."

हे खाली बसले, गुडघे टेकून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. "अंकल, 'हा सोडून बाकीचे' असं मतपत्रिकेवर लिहायला जागा नसते," त्यांनी आपल्या मोडक्या-तोडक्या चिनी मिसळलेल्या इंग्रजीत समजावलं. म्हातारा लहान मुलासारखा रडला. मुलगा गणवेशाची टोपी हातात फिरवत दुसरीकडे बघत राहिला.

गावातलं पुढचं त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं.

ते पोचले तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले होते. पोरगा कायमचा आला, असं सगळ्यांना सांगितलं होतं. नवी गादी भरून घेतली होती. कोणी विचारलं की म्हणायची, "मत उगं देत न्हाई मी." यांच्यानं खरं सांगवेना. रोज सकाळी ठरवायचे, रोज ती काहीतरी रांधत असायची. शेवटच्या दिवशी, बॅग भरायलाच हवी तेव्हा सांगितलं : तिथल्या लोकांनी मतं दिली, परवाना गेला, आता आखातात जायचंय.

ती ओरडली नाही, रडली नाही. चुलीपाशी बसून दशम्या लाटायला घेतल्या. लाटता लाटता तिनं विचारलं, "तिकडं निवडणुका व्हतात का रे?"

"आमच्यासारख्यांशी संबंध येईल अशा नाहीत, आई."

"मग बरंय," ती म्हणाली आणि दशम्या फडक्यात बांधू लागली.