तात्यांनी बांधलेली पिवळी पट्टी

काकूंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. "गणेश, तात्या गेले रे," एवढंच त्या म्हणाल्या. मी "हो" म्हणालो, हातातली चिठ्ठी बाटलीवर नीट दाबून बसवली आणि मग खाली बसलो... त्या बाटलीत सोन्याचे कण होते. याच सोन्याची वाट पाहत तात्यांनी आपला उपचार दोन महिने थांबवला होता, आणि वाट पाहायला त्यांना मी लावलं होतं. याला महिना होऊन गेला. लिहून काही हलकं होईल असं वाटत नाही, तरी लिहितो आहे.

तात्या माझे सख्खे काका नव्हते. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावचे. रहाटणीत दोन खोल्यांत राहायचे आणि चाकणच्या एका लहान कारखान्यात सेटर होते, म्हणजे धातू कापायचं टूल बसवून मशीन लावून द्यायचे. बारावीनंतर पत्र्याची पेटी घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. तात्यांनी खिडकीखालचा आपला पलंग ओढून भिंतीला लावला आणि तिथं माझं टेबल मांडलं. "उजेड तुला पायजे. मला काय, डोळेच मिटायचेत." सहा वर्षं मी त्या उजेडात शिकलो. इंग्रजी पुस्तकं समजेनात म्हणून एकदा रडायला लागलो, तर त्यांनी मशीनचं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्यापुढं आपटलं. "मला तरी कुठं येतंय? आधी आकृती बघ. शब्द मागनं येतात." मी आज जो काही आहे तो त्या खिडकीमुळे आहे.

कामात ते फार हट्टी होते. योग्य टूल हातात आल्याशिवाय मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा नाही म्हणजे नाही. तरुणपणी साहेबांच्या घाईपायी त्यांनी बोथट टूलवर अख्खा लॉट चालवला होता आणि सगळा भंगारात गेला होता. "बोथट टूलनं धातू नासतो गड्या, आणि नासला की परत येत न्हाई," हे मी किती वेळा ऐकलं असेल! टूल यायचं असलं की ते जॉबला पिवळी पट्टी बांधत. पिवळी पट्टी म्हणजे थांबवून ठेवलेला माल. ज्यानं ती बांधली त्यानंच सोडायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा तिथला नियम. मालकसुद्धा तो पाळायचे.

संशोधनाला लागलो त्या वर्षी मी त्यांना एक छोटी बाटली आणून दिली. आत लालभडक पाणी. "हे सोनं? आरं हे तर कोकम सरबत!" तात्या हसले. मी सांगितलं, सोन्याचे कण इतके बारीक केले की ते असे लाल दिसतात. निळे पडले तर समजायचं, खराब झाले. हे कण गाठीत पोचवून मग किरणं दिली, तर सोनं ती किरणं धरतं आणि गाठीतच जास्त मारा होतो. "म्हंजे टूलला धार लागती," तात्या म्हणाले. मला इतका आनंद झाला! हो, अगदी तसंच, म्हणालो. आमचं काम अजून काचेच्या बशीतल्या पेशींवर आणि उंदरांवर चाललंय, माणसापर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील, हेही सांगितलं असेन... पण ते हळू आवाजात. गावाकडच्या पोराला मोठं दिसायचं होतं. त्या दिवसापासून ते मला "सोनारबुवा" म्हणायला लागले.

पुढं त्यांच्या गालाच्या आतली जखम भरेना. तंबाखूची जुनी सवय. ऑपरेशन झालं. जखम सुकली की लगेच किरणांचा उपचार सुरू करा, असं डॉक्टरांनी बजावलं. आपल्याकडं सगळे त्याला शेकच म्हणतात. तात्या आज अशक्तपणा, उद्या गावची जत्रा, असं करत राहिले. काकूंना वाटलं घाबरलेत, मलाही तेच वाटलं. दर रविवारी माझा फोन व्हायचा. बोबड्या झालेल्या आवाजात ते विचारायचे, "काय सोनारबुवा, माल निघाला का?" मी हसून म्हणायचो, "निघतोय तात्या, निघतोय!" मला ती आमची चेष्टा वाटायची. आजारी माणूस हसतोय याचंच मला बरं वाटायचं.

मानेत नवी गाठ आली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी त्यांना रागानंच विचारलं, "तात्या, कामून थांबलात एवढं?"

त्यांनी नवलानं माझ्याकडं पाहिलं. "तूच म्हणालास की, निघतोय. साध्या शेकावर कशाला नासवायचं?"

"तात्या... मी चेष्टा करत होतो."

ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आसू दे. माल लेट हुतो कधी कधी. त्यात तुझी चूक न्हाई."

मग शेक झाले. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवत, हलू नये म्हणून. "पकड चांगली हाय. जॉब हलत न्हाई," असं एकदा म्हणाले. ते त्यांचं शेवटचं स्पष्ट वाक्य. नंतर बोलणंच बंद झालं. वेळेवर सुरू केलं असतं तरी खात्री देता आली नसती, असं डॉक्टर मला म्हणाले. दयेनं म्हणाले असावेत. मला त्याचा आधार वाटत नाही.

तेराव्याला काकूंनी त्यांची हत्यारांची पेटी माझ्यापुढं ठेवली. "तुझंच काहीतरी हाय बघ त्यात. दर रविवारी तुझा फोन झाला की काढायचे, उजेडात धरायचे, 'लाल हाय अजून' म्हणायचे आणि परत ठेवायचे." तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या मायक्रोमीटरशेजारी ती बाटली होती. तिच्या गळ्याला कारखान्यातली पिवळी पट्टी. पट्टीवर त्यांच्या सरळ, कोरीव अक्षरात लिहिलेलं : जॉब – स्वतः. कारण – टूल यायचं आहे. खाली सही.

मी बाटली खिडकीशी नेली. ज्या उजेडात मी शिकलो, त्याच उजेडात धरली. पाणी अजून लालभडक होतं. एक कणही खराब झालेला नव्हता.

"कामाचं आसंल तर ने बाबा," काकू म्हणाल्या. "ती पट्टी तेवढी सोडून टाक."

माझा हात गाठीपर्यंत गेला... आणि तिथंच थांबला. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. मी बाटली होती तिथं ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.