बिरप्पाचे सोनमासे

आमच्या सोलापुरात मासे विकून पोट भरणारी माणसं पुष्कळ होती, पण कोणीच खाणार नाही असे मासे विकणारा एकच, बिरप्पा. अक्कलकोट नाक्याच्या अलीकडं, वस्ती संपून बाभळी लागायच्या तिथं त्याचं दोन खणांचं घर आणि मागच्या परड्यात सहा हौद. मी धर्मादाय दवाखान्यात कंपौंडर होतो आणि त्याच गल्लीत राहायचो. येता-जाता त्याच्या दारात टेकायचो. त्याच्या बहिणीच्या, केराबाईच्या हातची भाकरी मी अनेक वर्षं खाल्ली. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं मी जे वागलो ते वाचताना तुम्हाला माझी भीड वाटायला नको.

बिरप्पा मंगळवेढ्याकडचा धनगर. आईबाप प्लेगात गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि केराबाई चौदाची. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा वारला, पदरी मूल नव्हतं. तिनं भावाला बरोबर घेतलं आणि मेंढरांच्या कळपातून उठून सोलापुरात आली. मातीच्या पाट्या वाहिल्या, पोर वाढवलं. पुढं बिरप्पा एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी म्हणून लागला. तिथं कारंज्याच्या हौदात कलकत्त्याहून आणलेले सोनमासे होते. साहेब विलायतेला परत गेला, नव्या साहेबानं हौद बुजवून टेनिसचं मैदान केलं आणि मासे गटारात ओतायला सांगितले. बिरप्पानं ते रॉकेलच्या दोन डब्यांतून घरी आणले. लोकांना वाटलं, आज धनगराच्या घरी कालवण शिजणार.

कालवण शिजलं नाही, धंदा उभा राहिला. पाण्यात केंदाळाच्या, म्हणजे तरंगत्या पाणवेलीच्या, मुळ्या सोडायच्या, मादी त्यांना अंडी चिकटवते, मग त्या मुळ्या उचलून दुसऱ्या हौदात टाकायच्या, नाहीतर आईबापच अंडी खाऊन टाकतात. पिल्लं डोळ्याला दिसेनात एवढी; त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यात बांधून पाण्यात हलवून द्यायचा. जरा मोठी झाली की डबक्यातल्या डासांच्या अळ्या. हे सगळं बिरप्पा स्वतः करायचा. विहिरीचं पाणी ओढून, दिवसभर उन्हात ठेवून, हौदात घालायचं काम केराबाईचं. पिल्लं आधी मातकट काळी असतात, आणि तीन-चार महिन्यांनी एकेक करून पेटल्यासारखी लाल-सोनेरी होतात. वकील, डॉक्टर, पेढीवाले, नाटकगृहाचे मालक, एक-दोन केशकर्तनालयं, सगळ्यांकडं काचेच्या हंडीत बिरप्पाचे मासे फिरू लागले. एका वकिलानं तर मासा ओल्या पंच्यानं घासून पाहिला, रंग सुटतो का म्हणून. सुटला नाही. तरी वकील म्हणाला, "पक्का रंग दिसतोय. नागप्पाकडून काढून घेतला असशील."

नागप्पा हा बिरप्पाचा शेजारी. अक्कलकोटकडचा, कानडी बोलणारा रंगारी. हातमागाचं सूत रंगवायचा. त्याच्या परड्यातून कधी निळं पाणी वाहायचं, कधी लाल.

आता बिरप्पाचा स्वभाव सांगतो. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, पण संशयी इतका की स्वतःच्या सावलीला नाव-गाव विचारील. रोज सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला की सहाही हौदांतले मोठे मासे मोजायचा. दाण्याचा डबा कुलपात, किल्ली करगोट्याला. गिऱ्हाईक मासा मेला म्हणून आलं, तर मेलेला मासा उलटा-सुलटा करून बघायचा, आपलाच आहे की दुसरा आणलाय. आणि तीस सालच्या मार्शल लॉनंतर सगळं गावच असं झालं होतं. कोण कोणाचं नाव पोलिसांत देईल याचा नेम नव्हता, त्यामुळं बिरप्पाचं वागणं कोणाला फारसं खुपत नव्हतं. मलाही नाही.

एकतीस सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी मोजणीत अकरा मासे कमी भरले. सगळे लाल, सगळे जोमदार. गड्ड्याच्या जत्रेत दुकान मांडायचं म्हणून राखून ठेवलेले. सिद्धेश्वराचा गड्डा संक्रांतीला, म्हणजे दीड-दोन महिन्यांवर, आणि वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरा दिवसांत व्हायची.

"खंड्या पाखरू येतंय सकाळचं," केराबाई म्हणाली. "म्या बघितलंय. त्या बाभळीवर बसतंय."

"पाखरू निवडून लालच नेतंय व्हय?"

"मग काय काळं नेईल? पाखराला डोळं न्हाईत व्हय रं?"

आम्ही हसलो. बिरप्पा हसला नाही. त्याची नजर नागप्पाच्या भिंतीवर होती. चार दिवसांत त्यानं भिंतीवर बाभळीचे काटे लावले. आठवड्यानं आणखी सात मासे गेले, तेव्हा तो अक्कलकोटच्या बाजूच्या एका मांत्रिकाकडं गेला आणि करणी झाल्याची खात्री करून आला. येताना तळहाताएवढे तांब्याचे सहा पत्रे आणले. त्यांवर टाचणीनं कोरलेली अक्षरं. एकेका हौदात एकेक पत्रा बुडवून ठेवायचा, आणि अक्षरं झाकोळली तर गुण जातो, म्हणून दर सोमवारी पत्रा चिंचेनं लख्ख घासून परत सोडायचा. सोडण्याआधी चिंचेचा कोळ धुवायचा नाही. पुसलं तर गुण पुसतो.

मासे चोरीला जायचे थांबले, कारण तोवर खंड्या दुसरीकडं गेला असावा. पण मासे मरायला लागले.

पहिल्या मंगळवारी चौदा. पुढच्या मंगळवारी वीस. सकाळी पाण्यावर आडवे, तोंड उघडं, कल्ल्यांवर चिकट पांढरं. बुधवार-गुरुवारी कमी, शनिवारी जवळजवळ नाहीच, आणि मंगळवारी पुन्हा. बिरप्पा वेडापिसा झाला. मेलेले मासे पाटीत भरून तो उकिरड्यावर न्यायचा. मला खरंच त्याची दया यायची.

"मंगळवारीच का, कंपौंडर?" त्यानं मला विचारलं. "सोमवारी काय हुतंय? इचार करा की."

आणि मी विचार केला. शहाणपणाचा मक्ता माझ्याकडंच होता ना! म्हटलं, "सोमवारी केराक्का सिद्धेश्वराला जाते. येताना नागप्पाच्या बायकोबरोबर येते. दोघी ओट्यावर बोलत बसतात."

मी हे सहज बोललो, असं मी पुढं कितीदा स्वतःला सांगितलं. सहज नव्हतं. मलाही संशय यायला लागला होता, आणि तो बोलून दाखवताना मला हुशार असल्यासारखं वाटत होतं.

 त्या दिवसापासून केराबाईनं ओढलेलं पाणी बिरप्पा आधी चाखून बघू लागला. तिच्या लक्षात आलं. ती घागर खाली ठेवून बाजूला उभी राहायची, त्याचं चाखणं होईपर्यंत.

तिसऱ्या सोमवारी तो पत्रे घासत बसला होता, हाताला चिंचेचा कोळ, आणि मी ओट्यावर. केराबाई स्वैपाकघरातून बाहेर आली.

"बिरा, त्ये पत्रं काढ बग हौदातनं."

"का?"

"मला त्ये बरं वाटंना. चिच लावलेलं तांबं तू तसंच पान्यात टाकतुयास. आंबट आन् तांबं..."

तिचं वाक्य पुरं झालंच नाही. बिरप्पा उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. राग नव्हता, सुटका झाल्यासारखा होता.

"बगा कंपौंडर. बगा! पत्रं काढ म्हनती. करनी करनाऱ्यालाच पत्रं नगं असत्यात. त्या मांत्रिकबाबानं सांगितलंच हुतं मला, जो काढा म्हनंल त्योच त्यो."

"बिरा, म्या तुला..."

"तुजं आन् नागप्पाच्या बाईचं काय ठरलंय? हौद त्यांना पायजेत का?"

केराबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलायला हवं होतं. चिंच आणि तांबं, हे शब्द माझ्या कानावर पडले होते. दवाखान्यात मी रोज मोरचूद तोलतो. तांब्याचं विष काय असतं हे त्या गल्लीत एकट्या मला ठाऊक होतं. पण मी तेव्हा तिच्या बोलण्याकडं नाही, तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो, चोरी पकडायला. मी मान खाली घातली. बिरप्पाला तेवढं पुरलं.

तिनं दोन लुगडी आणि देव्हाऱ्यातला बिरोबाचा टाक फडक्यात बांधला. दारात थांबून म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलीय," आणि गेली. चाळीस वर्षांची ती बाई, तिला माहेर नाही, सासर नाही. कुठं जाणार याची चौकशी कोणी केली नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सव्वीस मासे मेले.

बिरप्पा म्हणाला, जाताना काहीतरी पुरून गेली असणार. त्यानं परडं कुदळीनं उकरलं. एक फुटकी चिलीम आणि मेंढीचं हाड निघालं. ते हाड घेऊन तो नागप्पाशी भांडला, आणि नागप्पानं कानडीत त्याला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. त्यानंतरच्या मंगळवारी जे मेले ते त्यानं मोजलेही नाहीत. गड्डा आठ दिवसांवर आला होता.

त्याच आठवड्यात एका दुपारी बिरप्पा दवाखान्यात आला, पोट धरून, भिंतीचा आधार घेत. वांत्या, पोटात मुरडा. डॉक्टरांनी तपासलं, मी औषध तयार केलं.

"काय खाल्लंस?"

"भाकरी. ताक."

"ताक कधीचं?"

"कालचं. मागल्या गल्लीतनं आनलं. पातेल्यात हुतं."

"कसल्या पातेल्यात?"

"पितळंच्या."

"कल्हई आहे का त्याला?"

तो गोंधळला. "कल्हईचं अक्का बगायची. ती कल्हईवाल्याला..." एवढं बोलून तो थांबला.

मी नेहमीच्या सवयीनं त्याच्यावर ओरडलो, "अरे, बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे बायकांनाच ठाऊक असायला हवं का? आंबट आणि तांबं-पितळ एकत्र आलं की..."

आणि मग मीही थांबलो.

बाटली माझ्या हातातच राहिली. बिरप्पा माझ्याकडं बघत होता. पोटातला मुरडा विसरून गेला असावा, कारण अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "कंपौंडर, पानीबी कळकतं का वो?"

 संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी दोन मातीच्या परातींत पाणी घेतलं, दोन्हींत चार-चार मासे सोडले, आणि एकीत चिंचेनं घासलेला पत्रा टाकला. सकाळी पत्र्याच्या परातीतले चारही आडवे होते. दुसऱ्या परातीतले चौघे दाणे मागत वर येत होते. बिरप्पानं सहाही हौदांतले पत्रे काढले आणि विहिरीजवळ टाकले. मग तिथंच मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, पण माझा हात उचलला गेला नाही.

केराबाईचा पत्ता नागप्पाच्या बायकोनं दिला, आमच्याकडं न बघता. साखर पेठेत एका तेलुगू विणकराच्या ओसरीवर ती राहत होती, मागासाठी सुताच्या कांड्या भरून देत होती. आम्ही दोघं गेलो. चरख्यावर सूत फिरत होतं, शेजारी भरलेल्या कांड्यांची टोपली. आम्हाला बघून तिनं चरखा थांबवला नाही.

बिरप्पा ओसरीखाली उभा राहून सगळं बोलला. पत्रे, चिंच, ताक, परात. "म्या आंधळा झालो हुतो, अक्का. तू खरं सांगत हुतीस. चल घरी. हात जोडतो."

"मासं मरायचं थांबलं का?"

"थांबलं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग सुताचा तुटलेला धागा तिनं बोटांत घेतला, जोडला, आणि पुन्हा विचारलं.

"बिरा, समज, त्ये ताक नासलं नसतं. पोट दुकलं नसतं. तर तू हितं आला असतास का रं?"

 बिरप्पाच्या वतीनं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी पुन्हा मान खाली घातली.