चार पिवळे ठिपके

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. कधी वेळ बरी नव्हती, कधी घरात माणसं जास्त होती, आणि एकदा सगळं जुळून आलं होतं तर नेमका चहा आला. दीड महिन्यापूर्वी सकाळी विलासचा फोन आला, "काका, बाबा गेले." खांदेश्वरच्या माझ्या गॅलरीत उभा होतो. पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. आता ज्याला सांगायचं तोच उरला नाही, असं वाटलं... आणि त्यात थोडी सुटका होती. त्या सुटकेची लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

विलासचे वडील, हिरामण म्हात्रे, आणि मी तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं मेन्टेनन्सला होतो. तो इथल्या खाडीकाठच्या गावचा आगरी, मी महाडकडून नोकरीसाठी आलेला बौद्ध. दोघंही फिटरच, पण सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळून त्यावर बिल्डिंग उभी राहिल्यावर गाव त्याला शेठ म्हणायला लागलं, तेव्हा 'फिटर' ही पदवी त्याने कायमची मला देऊन टाकली. निवृत्तीनंतर त्याने एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली, दोनच सीटची, छत मागे दुमडणारी. बिल्डिंगच्या तळमजल्यावर स्वतःसाठी ठेवलेल्या जागेत ती उभी असायची. सुमनवहिनी तिच्याकडे बघून म्हणाल्या होत्या, "ही गारी हाय का चप्पल? बसायचं का पाय घालायचा?" आम्ही खूप हसलो होतो. पुढे त्याच सगळ्यांत हौसेने तिच्यात बसायच्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधून.

सुपरचार्जरचं खूळ हिरामणला मोबाइलवर व्हिडिओ बघून लागलं. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप. त्याने गाडीचा जोर एकदम वाढतो. परदेशातून त्याचं अख्खं खोकं मागवलं. मी आधी विरोध केला. या वयात इतका जोर कशाला, असं त्याला म्हणालो. पण खोकं उघडून तो जड, चकचकीत पंप हातात घेतला आणि माझेही हात शिवशिवायला लागले. पंधरा-वीस दिवस आम्ही रोज सकाळी दहाला भिडायचो. एक पाइप रेडिएटरला घासत होता, तो वळवून घेतला. पंप ज्या ब्रॅकेटवर बसतो ते दोन मिलिमीटर आडवं येत होतं, ते कानशीने घासून बसवलं. कारखान्यातली शिस्त आम्ही घरीही पाळायचो. बोल्ट टॉर्क पान्याने मापात आवळला की त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे काम पुरं झालं, दुसऱ्याने परत बघायला नको.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ब्रॅकेटचे चार बोल्ट आम्ही नुसते हाताने फिरवून ठेवले. पट्टा सरळ चालतो का ते बघायचं होतं आणि उजेड कमी झाला होता. दुसऱ्या दिवशी काम बंद. हिरामणने पाने, हातोड्या, मापं, सगळं धुऊन पाटावर मांडलं. पूजेला बसवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा त्याच्या घरचा नियम. मलाही त्या दिवशी विहारात जायचं होतं, आमचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. परवा येऊन बोल्ट आवळू, असं ठरवून मी निघालो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर गाडीला झेंडूचा हार होता. बॉनेट उघडलं. चारही बोल्टांच्या डोक्यांवर पिवळे ठिपके. मला वाटलं, याला दम निघाला नाही, आज पहाटेच उठून यानेच आवळले. हिरामण वर जेवत होता. मी विचारलं नाही. पाना पाटावरून उचलून एकदा लावून बघायला एक मिनिटही लागलं नसतं. नव्या पोरांना तीस वर्षं मी हेच शिकवलं होतं, की डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, पाना लावायचा. मी लावला नाही. पट्टा चढवून पुढच्या कामाला लागलो. तो हात पुसत खाली आला.

"फिटर, बोल्ट झालं?"

"झाले," मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी आवळले. मला वाटलं, त्याने. दुपारी गाडी सुरू केली तेव्हा तो आवाज ऐकून चौथ्या मजल्यावरची माणसं खाली आली. मी बजावलं, की पहिले पन्नास किलोमीटर हळू चालव, मग सगळे बोल्ट पुन्हा तपासू.

कोजागिरीला तो वहिनींना घेऊन उरणजवळच्या मोऱ्याला, त्यांच्या माहेरी निघाला. उरण रस्त्यावरच्या एका वळणावर ब्रॅकेट सरकलं आणि पट्टा उडाला. त्याच पट्ट्यावर स्टिअरिंगचा पंपही चालतो, त्यामुळे स्टिअरिंग एकदम दगडासारखं झालं. गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. हिरामणला खरचटलं. वहिनींचा उजवा पाय मांडीपासून खाली तीन ठिकाणी मोडला. आत सळई आहे. त्या अजून लंगडत चालतात.

चार दिवसांनी गाडी बघायला मी एकटाच गेलो. दोन बोल्ट गळून पडले होते, उरलेले दोन नुसत्या बोटांनी फिरत होते. त्यांतल्या एकाच्या ठिपक्यावरून अंगठा फिरवला तर तो अंगठ्यावर आला. रंग असा सुटत नाही. अंगठा नाकाशी नेला... हळद होती. दसऱ्याला वहिनींनी इंजिनाची पूजा केली होती. जिथे जिथे बोट पोचलं तिथे हळद लावली होती, घरातल्या शिलाई मशीनला लावतात तशी. कारखान्यातही तीस वर्षं अशा पूजा बघितल्या होत्या मी. मला ओळखू यायला हवी होती.

मी खिशातला रुमाल काढला आणि दोन्ही ठिपके पुसून टाकले.

स्वतःला सांगितलं, की हे कळलं तर ती बाई आयुष्यभर स्वतःच्या बोटाला दोष देईल. हे खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. खरं कारण भीती. दरम्यान हिरामणने दोष आपल्याकडे घेऊनही टाकला होता. पोरं माझ्यावर चिडली तेव्हा तो त्यांना म्हणाला, की फिटरचं काम ढिलं नसतं, त्याने हळू चालव म्हणून सांगितलं होतं, मीच बायकोला मजा दाखवायला गाडी जोरात दाबली. विलासने गाडी विकली. हिरामणने पुन्हा कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. रोज संध्याकाळी वहिनींच्या पायाला तेल चोळायचा. फिरायला निघाले की अर्धं पाऊल मागे राहायचा, त्यांच्या चालीने. मी कामोठ्याच्या तलावाकाठी त्यांना तसं येताना बघायचो आणि कधीकधी दुसऱ्या वाटेने वळायचो.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. वहिनी आत होत्या. तो म्हणाला, "तू सांगितलं व्हतं हलू चालव. मी नाय आयकलं. तिचा पाय मीच घेतला रे." नऊ वर्षांत असं सरळ तो कधी बोलला नव्हता. मी तोंड उघडलंही. म्हणालो, "हिरामण, ते बोल्ट..." त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. वाट बघत होता. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन पाय ओढत आल्या, आणि मी म्हणालो, "ते बोल्ट जुनेच होते, आता कशाला काढतोस." बोल्ट कोरे होते, खोक्यातून आलेले. ते त्यालाही ठाऊक होतं.

वहिनी, तुम्ही हे वाचाल किंवा विलास वाचून दाखवील. हळद लावण्यात तुमची काही चूक नव्हती. हळदीला रंग समजलो तो मी, आणि पुसली तीही मीच. त्याने त्या दिवशी पाय किती दाबला होता, याने काही फरक पडत नव्हता. हळू चालवली असती तरी ते बोल्ट सुटलेच असते. नऊ वर्षं तो तुमच्या मागे अर्धं पाऊल चालला, ते चालणं माझ्या वाट्याचं होतं.

आणि हिरामण, त्या दिवशी चहा येण्याआधी एवढंच म्हणायचं होतं. तू विचारलंस तेव्हा मी झाले म्हणालो. मी पाना लावला नव्हता. मला माफ कर.