वाटी रिकामी न पाठवणारे मामा

माझ्या मामांनी आयुष्यात कुणाचं काही फुकट घेतलं नाही. हे वाक्य मोठं वाटेल, पण शहागडात कुणालाही विचारा. तिथल्या शाळेत ते मास्तर होते, आणि हमरस्त्यावरच्या चहावाल्यापासून नदीत मासे धरणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांना थोडे भिऊन असत. मामा रागीट होते म्हणून नव्हे. त्यांना काही दिलं तर परतफेड अंगावर येईल म्हणून. एकदा भर उन्हात एका ट्रकवाल्यानं त्यांना वडीगोद्रीच्या फाट्यापर्यंत बसवून नेलं. तो पैसे घेईना, तर मामांनी ट्रकच्या काचा पुसून दिल्या आणि वर त्याच्या बायकोला खुशालीचं पत्र लिहून दिलं. आमचं घर त्यांच्या मागच्याच गल्लीत. आईनं वाटीतून काही पाठवलं तर वाटी कधी रिकामी परत आली नाही. दोन लिंबं, मूठभर शेंगा, काहीच नसलं तर अंगणातली सदाफुलीची फुलं. शेजारच्या पाटलांनी एकदा चार वांगी दिली. मामांनी कोथिंबीर दिली. पाटीलही हट्टी, त्यांनी भोपळा पाठवला. मामांनी दोन भोपळे पाठवले. शेवटी पाटलीणबाई आईकडे आल्या. म्हणाल्या, "मास्तरला सांगा बाई, बस करा म्हणावं. आमच्या घरात माणसायला बसाया जागा न्हाई राह्यली."

दुष्काळात शाळेत मुलांना सरकारी सुकडीचं पीठ वाटायचं होतं. चव बघायला म्हणून मामांनी चिमूटभर तोंडात टाकली, आणि त्याबद्दल रविवारी दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आले. मुकादम म्हणाला, "मास्तर, तुमचं नाव पटावर न्हाई. हजेरी कशी लावू?" मामा म्हणाले, "लावू नको. माझी मला ठाव हाय."

लोक हसत. आम्हीही हसत असू. पण यामागचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कुणी बोलत नसे. मामा लहान असताना आजीबरोबर टोपलं घेऊन गावात भाकरी मागायला जात. लोक भाकरी वरून, अंतर ठेवून टाकत. धर्मांतराच्या वर्षी आजोबांनी ते टोपलं चुलीत घातलं आणि सांगितलं, आजपासून आपला हात कुणापुढं पसरायचा नाही. घरातल्या बाकीच्यांनी ते ऐकलं. मामांनी ते अंगात भिनवून घेतलं.

मग मामांचे पाय सुजू लागले. पुढे तोंडही सुजलं. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत आली आहेत, रक्ताच्या माणसानं एक दिलं तर वाचतील. आमच्याकडे गुर्दा म्हणतात. मी तेव्हा जालन्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, म्हणून घरातले मला अर्धी डॉक्टर समजत. डॉक्टर बोलले की सगळे माझ्याकडे बघत, आणि मला अर्धंही कळलेलं नसे. आईचं रक्त जुळलं. मामांनी चादर डोक्यावर ओढून घेतली.

"बाई, तुझं पोट फाडून मला जगायचं न्हाई," ते चादरीतूनच म्हणाले. "ह्याची फेड कशानं करू मी?"

आई खाटेवर बसली. "दादा, लहानपणी तुझ्या वाट्याची अर्धी भाकर कोण खात व्हतं?"

"तू."

"मंग हा गुर्दा कशाचा झाला? तुझ्याच भाकरीचा. तुझं तुला परत करून राह्यले मी. आता घ्यायचं का न्हाई, सांग."

मामांना त्यांच्याच कायद्यानं पकडलं होतं. मग चादर खाली आली.

ऑपरेशन झालं आणि ते पाहुणं मामांच्या पोटात काम करू लागलं. मामा त्याची बडदास्त ठेवत. वेळेवर पाणी पाजत, उठताना त्या बाजूवर हात ठेवून "हळू" म्हणत. गोळ्यांनी त्यांचे बसलेले गाल गोल झाले. जन्मात पहिल्यांदाच ते खात्यापित्या घरचे दिसू लागले. गर्दीत जायचं नाही, सर्दीखोकल्यापासून जपायचं, असं बजावलेलं होतं. म्हणून त्यांनी शाळेतल्या मुलांना अंगणात बसवलं आणि स्वतः खिडकीतून पाढे घेऊ लागले. कुणी शिंकलं की खिडकी बंद, पण पाढा आतून चालूच. आणि इतकं समजावूनही एके सकाळी ते आमच्या दारात एक दुभती शेळी बांधून गेले. आईनं ती तशीच परत नेऊन बांधली. म्हणाली, "तुझंच तुला दिलंय म्हणलं ना? बकरी कशाची मंग?" शेळी तीनदा या गल्लीतून त्या गल्लीत गेली. शेवटी तीच आमच्याकडे यायला तयार होईना.

पावसाळा सरता सरता मामांना ताप भरला. टाक्यांच्या जागी दुखू लागलं, लघवी कमी झाली. आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला समजावलं. मला जमेल तसं लिहिते. आपलं कोणतं आणि परकं कोणतं हे शरीराला ओळखता येतं. त्यासाठी त्याचे पहारेकरी असतात. बहिणीचा अवयवही त्यांना परकाच वाटतो. गोळ्या त्यांची समजूत घालतात. कधी कधी ते ऐकत नाहीत.

मामा ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्यावरच गेले म्हणा की."

डॉक्टर हसले, पण लगेच केसपेपरकडे वळले. औषधं वाढवली, सगळे उपाय केले. काही उपयोग झाला नाही. आई समोर आली की मामा भिंतीकडे तोंड करत. निघायच्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला. इतका अपराधी चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"बाई, हे मी करून राह्यलो न्हाई," ते म्हणाले. "मी घेतलं व्हतं. मनापासून घेतलं व्हतं."

"मला ठाव हाय दादा."

परत आल्यावर मी कॉलेजला गेले नाही. आई रोज वाटीतून अळणी पेज घेऊन जाई, मी तिच्यामागे. मामा दोन-तीन घास घेत. मग उशाशी चाचपून वाटीत काहीतरी टाकत. कधी खडूचा तुकडा, कधी दोन लवंगा. आई ते घेऊन येई.

एक दिवस त्यांनी सगळी पेज संपवली. हात उशाशी गेला, तिथं थोडा फिरला आणि थांबला. त्यांनी आईकडे पाहिलं.

"आज रिकामीच ने," ते म्हणाले.

आईनं वाटी घेतली. गल्लीतून मी तिच्यामागून चालत होते. ती वाटी दोन्ही हातांत धरून फार सावकाश चालली होती, भरलेली वाटी हिंदकळू नये म्हणून माणूस चालतो तशी.