लाल ठिपक्याच्या ताटल्या

हर्लिंदाला अख्खं सांता रोसालिया गाव कंजूष म्हणायचं, आणि तोंडावर म्हणायचं. बाजारात ती केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे तमाल विकायची. गिऱ्हाईक खाऊन उठलं की पान उचलून टोपलीत टाकायची आणि संध्याकाळी शेळीपुढे ठेवायची.

"हर्लिंदा, दुकान माणसांसाठी काढलंयस की शेळीसाठी?" शेजारची मिरचीवाली विचारायची.

"शेळी मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरत नाही," हर्लिंदा सांगायची.

आमच्या दोघींच्या परसात निवडुंगाचं एकच कुंपण. चाळीस वर्षं मी तिचं घर त्या कुंपणावरून पाहिलं आहे. तिच्याकडे शर्ट तीन जन्म घ्यायचा: आधी नवऱ्याच्या अंगावर, मग बाही कापून कॉफी गाळायला, शेवटी फरशी पुसायला. बटणं डब्यात जायची. साबणाचे झिजलेले तुकडे जुन्या मोज्यात शिवून ती त्यानेच कपडे घासायची. भांड्यांना राख आणि घायपाताचा काथ्या, त्यामुळे भांड्यांचं पाणी सरळ अॅव्होकॅडोच्या बुंध्याशी. त्या झाडाची फळं ती मला न मागता द्यायची, टोपली भरून. कंजूष म्हणणाऱ्यांना हे दिसत नसे, कारण कुंपण माझ्या बाजूला होतं.

मी सिस्टरांच्या शाळेत शिकले. रोज लिहायची सवय तिथली. माझ्या वह्यांत थर्माकोल हा शब्द पहिल्यांदा १९९४ सालच्या उत्सवाच्या दिवशी येतो. त्याआधी संत रोसालियाच्या दिवशी गाव मातीच्या ताटल्यांत जेवायचं. मग त्या वर्षी गावजेवण घालणाऱ्या यजमानाने शहरातून पांढऱ्या, हलक्या ताटल्या आणल्या. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं, तसं लिहिलेलं आहे. जेवणं झाली की त्या चर्चमागच्या घळीत टाकायच्या. वारा सुटला की त्या उडून निवडुंगाच्या काट्यांत अडकायच्या, आणि लांबून वाटायचं कापूस फुटलाय. एका वर्षी हर्लिंदाच्या शेळीने त्यातली एक खाल्ली. चार दिवसांत शेळी गेली. तेव्हापासून हर्लिंदा उत्सवात उभ्यानेच, हातावर मक्याच्या दोन तोर्तिया खाऊन घरी यायची.

२००९ साली यजमानपण तिच्याकडे आलं. आमच्याकडे हा मान एकदाच येतो, आणि ज्याने तो धड निभावला नाही त्याच्या नातवंडांनासुद्धा लोक ऐकवतात. पुढच्या वर्षीचा यजमान अबुंदियो होता. रीतीप्रमाणे तो यादी सांगायला आला. मीही तिथेच बसले होते.

"टर्की चाळीस. मक्याची पोती बारा. थर्माकोलच्या ताटल्या पाचशे, पेले पाचशे."

"ताटल्या-पेले खोड," हर्लिंदा म्हणाली. "ते माझ्या दारात येणार नाहीत."

"मग लोकांनी मोलेचा रस्सा काय टोपीत घ्यायचा?"

"तुझ्या टोपीत नको. आधीच तेलकट आहे."

अबुंदियो हसला, पण दुसऱ्या दिवसापर्यंत गावभर झालं: हर्लिंदा यजमान झाली, तरी ताटल्यांत वाचवणार! तिची सून यानेत विहिरीवरून रडत आली.

"सासूबाई, मला अजून पुष्कळ वर्षं या गावात काढायची आहेत हो! निदान असं तरी सांगा, ज्याने त्याने आपली ताटली घेऊन या."

हर्लिंदाने हातातलं कणीस खाली ठेवलं. "पाहुण्याला ताटली घेऊन बोलवायचं? त्यापेक्षा मी चर्चच्या पायरीवर हात पसरून बसते."

ते खरंच होतं. पाहुणा मक्याची टोपली आणेल, अंडी आणेल, मेणबत्ती आणेल. ताटली मात्र यजमानाचीच असायला हवी. रिकामी ताटली घेऊन जेवायला येणारा भिकारी, आणि तसं बोलावणारा त्याहून भिकारी. चौथ्या दिवशी सकाळी तिने कुंपणावरून हाक मारली.

"अंपारो, गावात मुलामा दिलेल्या पत्र्याच्या ताटल्या किती असतील गं?"

"दर घरी आठ-दहा. का?"

"आधी मागून आणते. एकदा माझ्या ओट्यावर आल्या की त्या माझ्या. मग ज्याला त्याला त्याच्याच ताटलीत जेवायला वाढलं तर कोण काय म्हणणार?"

पंधरा दिवस आम्ही दोघी हातगाडी घेऊन घरोघर फिरलो. नाही कोणी म्हटलं नाही. यजमानिणीला नाही म्हणता येत नाही. पण टोमणे मिळाले. "चमचे पण देऊ? का एकच चमचा सगळ्यांत फिरवणार आहेस?" हर्लिंदा म्हणायची, "चमचेही दे, आणि जीभ तेवढी घरी ठेव." प्रत्येक घरी तिचं एकच सांगणं होतं: खूण करून ठेवा, म्हणजे परत देताना घोळ नको.

मी वहीत लिहीत होते: कोणाचं घर, किती ताटल्या, खूण कोणती. खूण म्हणून प्रत्येक घराला आपापली एकच युक्ती सुचली, ताटलीच्या पाठीवर नखपॉलिशचा ठिपका. गावात नखपॉलिश एकाच दुकानात मिळतं, आणि त्या दुकानात वर्षानुवर्षं एकच रंग असतो. 'लाल ठिपका' हे शब्द मी त्रेसष्ट वेळा लिहिले. सुवाच्य, ओळीत, प्रत्येक वेळी टिंब जागच्या जागी. एकदाही वरची ओळ वाचून पाहिली नाही.

उत्सव झकास झाला. टर्कीवर दाट काळा मोले, तमाल, भोपळ्याच्या तुंब्यांतून फेसाळ चॉकलेट. अबुंदियोने तीनदा वाढून घेतलं. घरी न्यायचा वाटाही कोणाला प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला नाही. ज्यांनी मक्याची टोपली आणली होती त्यांच्या टोपलीत पानांत बांधून तमाल गेले. भांडी मात्र डोंगराएवढी पडली. तेव्हा हर्लिंदा बँडवाल्यांसमोर मेस्काल दारूची बाटली घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताटल्या स्वच्छ झाल्या की बूच निघेल." गावात पुरुषांनी भांडी घासलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तुतारीवाला उत्तम घासतो. संध्याकाळी कचरा म्हणून जे उरलं ते एका टोपलीत मावलं: मेणाचे तुकडे, फटाक्यांच्या काड्या, बाटल्यांची बुचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर ताटल्यांचे खांब उभे होते. बायका न्यायला आल्या. पहिलीने वरची ताटली उलटली. लाल ठिपका. दुसरीने उलटली. लाल ठिपका. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"अंपारो," हर्लिंदा हळू आवाजात म्हणाली, "सगळ्याच?"

"सगळ्याच."

दहा मिनिटांत ओसरीवर बाजार भरला. "निळ्या काठाची माझी!" "निळ्या काठाच्या शंभर आहेत, तुझीच कशी?" "माझ्या नव्या होत्या, मी या जुनाट नेणार नाही!" अबुंदियो खांबाला टेकून मजा बघत होता.

"झालं. आता पुढच्या वर्षी कोण एक बशी तरी देईल? बरं झालं, मी थर्माकोल आधीच घेऊन ठेवलाय. दोन खोल्या भरल्यात."

हर्लिंदा एकेक ताटली उलटून पाहत राहिली. लोक कंजूष म्हणतात त्याचं तिला काही नव्हतं. पण ताटल्या चुकीच्या घरी गेल्या, तर घळ पुन्हा पांढरी होणार होती, आणि ती तिच्याच यजमानपणामुळे.

तेवढ्यात क्रेसेन्सिया आजी आल्या. नव्वद वर्षांच्या, डोळ्यांनी अधू. "कसला एवढा आरडाओरडा? मला स्टूल द्या." स्टुलावर बसून त्यांनी एक ताटली घेतली आणि अंगठा काठावरून फिरवला. ठेवली. दुसरी घेतली. ठेवली. पाचवीवर अंगठा थांबला.

"ही माझी. इथे टवका उडालाय. आमच्या ह्यांनी ताटलीवर ठेवून कोयत्याने भोपळा कापला होता. मी महिनाभर बोलत नव्हते."

सगळ्या हसल्या. मग एकीने डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला. "अगं बाई, ही माझी! दळणाच्या पाट्यावर पडली होती." दुसरीची चुलीवर राहून काळी पडली होती, तिसरीची कोणी नवऱ्याच्या डोक्यात मारली होती, आणि तो नवरा तिथेच उभा होता. वीस-वीस वर्षं रोज धुतलेली ताटली हाताला कळते. नव्या ताटल्यांना मात्र टवके नव्हते, त्या ओरडणाऱ्या बाईच्याच निघाल्या. यानेतने उरलेला मोले गरम केला, आणि दुपार होता होता खांब उतरत गेले.

अबुंदियोच्या घरच्या बारा ताटल्या शेवटी राहिल्या. आजींनी त्यातली एक सहज उचलली. अंगठा फिरला. पुन्हा फिरला.

"अबुंदियो, ही तुझ्याकडून आली?"

"हो आजी. ठिपका आहे ना."

"ठिपका तुझ्या बायकोचा असेल. पोचा माझा आहे. तुझ्या लग्नात वाढायला दिल्या होत्या मी. एक परत आली नव्हती."

अबुंदियोच्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती.

"अबुंदियो," हर्लिंदा म्हणाली, "बत्तीस वर्षं ताटली दाबून बसलास, आणि कंजूष मी?"

हशा असा उठला की यानेतला मोलेचं पातेलं खाली ठेवावं लागलं. अबुंदियोही हसला. दुसरं काय करणार? मग त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"हर्लिंदाताई, पुढच्या वर्षी मी ताटल्या मागायला निघालो, तर लोक देतील?"

"तुला? एकट्याला कोणी देणार नाही. मी बरोबर येईन."

"आणि दोन खोल्यांतला तो थर्माकोल?"

"विकणारा परत घेत असेल तर परत दे. नसेल तर पेल्यांना खाली भोक पाड आणि मिरचीची रोपं लाव. ताटल्या कुंडीखाली ठेव. घळीत एक जरी दिसली तर तुला तीत जेवायला वाढीन."

"आणि खूण कशाने करायची?"

हर्लिंदाने माझ्याकडे पाहिलं. "ते अंपारोला विचारू नकोस."