सर्विसवाल्या पोरी

नोकरी असलेल्या माणसाकडे किस्से कमी असतात. त्याचे किस्से दहाला सुरू होतात आणि पाचला संपतात. बेरोजगाराचं तसं नाही. त्याला ना रविवार, ना लंच ब्रेक. त्यामुळे बाकी काही नाही तरी किस्से जमत राहतात! जाहिरातीत 'अनुभव आवश्यक' असं लिहिलेलं असतं ना, तो अनुभव हाच धरला तर आम्ही तिघी लगेच सिलेक्ट!

तिघी म्हणजे मी, वैशाली आणि ज्योती. मी दापोऱ्याची, एम.एस्सी. वैशाली फोपनारची, बी.एड. ज्योती चांदनीची, बी.कॉम. आणि जिभेने तिघींत तिखट. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याजवळ एका घराच्या वरच्या खोलीत राहून आम्ही सरकारी परीक्षांची तयारी करतो. कॉलेजात असताना मी समाज बदलणार होते. सध्या खोली बदलावी लागू नये, एवढ्यावर आले आहे.

*

खोली शोधताना प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"क्या करते हो?"

"तैयारी."

"वो तो ठीक है. करते क्या हो?"

एका आजोबांनी तर फार प्रेमाने खोली दाखवली. नळ सोडून दाखवला, पंखा लावून दाखवला. मग विचारलं, "सर्विस में हो ना, बेटा?" आम्ही नाही म्हणालो. आजोबांनी पंखा बंद केला!

शेवटी सुशीलाकाकूंनी खोली दिली, पण अट घालून. "दिवाळीपर्यंत एकजण तरी सर्विसला लागा. नाहीतर बँकवाली मॅडम कधीची मागे लागून राहिली आहे. बेरोजगार भाडेकरू मला नको बाई, गल्लीत नाव जातं."

आणि त्यातून त्यांची लेक पिंकी! "आमची पिंकी पाहा. तुमच्याच वयाची, पुण्याच्या कंपनीत आहे." पाण्याची मोटर चालू करताना पिंकी, बंद करताना पिंकी.

खोली गेली की गावी परत. आणि गावी परत म्हणजे त्याच आठवड्यात पाहुणे चहाला! बापाचं घर आपलं नसतं, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पुढचं घर तर नवऱ्याचंच. म्हणजे जगात आमची म्हणावी अशी ही एकच खोली, आणि तिचीही मुदत दिवाळीपर्यंत.

*

काकूंनी गल्लीत परस्पर सांगून टाकलं होतं, की वरच्या पोरी सर्विसला आहेत. आम्हाला हे कळलं ते पहिल्याच सोमवारी. सकाळी आम्ही निवांत वाचत बसलो होतो, तर खालून हाक आली.

"दहा वाजले! निघायचं नाही का?"

"कुठे, काकू?"

"कुठे ते मला काय माहीत? पण दहाला डबा घेऊन निघायचं. समोरची निर्मला खिडकीतच बसलेली असते."

मग आम्ही रोज दहाला डबे घेऊन निघायला लागलो. कापडाच्या दुकानावर एक लायब्ररी आहे. लायब्ररी म्हणजे नुसत्या खुर्च्या आणि पंखे, पुस्तकं आपापली आणायची. तिथे बसायचं आणि पाचनंतर परतायचं. एकदा ज्योती लवकर आली तर काकूंनी दारातच अडवलं, "हाफ डे टाकला का?"

रविवारी बाहेर पडायची बंदी! "सर्विसवाल्या पोरी रविवारी घरी राहतात." आमच्या परीक्षा मात्र रविवारीच असतात. त्यावर काकूंनी तोड काढली. निर्मलामावशीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या म्हणायच्या, "काय मेलं ते ऑफिस, रविवारी पण बोलावतात!"

मला ताप आला त्या दिवशी मी पडून राहिले. काकू आल्याचा काढा घेऊन वर आल्या, कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "मेडिकल टाक."

ज्या नोकरीचा पगार मिळत नाही तिची एवढी शिस्त मी कुठे पाहिली नाही!

*

ज्योतीचा एका प्रायव्हेट शाळेत इंटरव्ह्यू झाला. अकाउंट्सची जागा होती. डायरेक्टर साहेबांनी अकाउंट्सबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं काय तर, "शादी का क्या प्लान है?"

"सर, रूम का ही प्लान नहीं हो रहा," ज्योती म्हणाली.

साहेब हसले आणि गंभीर झाले. "देखो बेटा, हम यहाँ पैसे के लिए काम नहीं करते. सेवाभाव चाहिए."

"जी सर. फिर इस महीने की फीस माफ है क्या बच्चों की?"

ज्योतीचा इंटरव्ह्यू तिथेच संपला. संध्याकाळी मी तिला शाबासकी दिली, म्हटलं असंच उत्तर द्यायला हवं, कोणीतरी बोललंच पाहिजे! ती डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "पुढच्या वेळी तू जा इंटरव्ह्यूला. मी शाबासकी देते."

*

आमच्या जुन्या कॉलेजात 'युवा आणि भविष्य' असा कार्यक्रम झाला. माजी विद्यार्थी म्हणून आम्हालाही निरोप आला. नाश्ता होता, म्हणून गेलो.

पाहुणे बाहेरून आले होते. कोट, टाय, हातात माइक. पाऊण तास ते एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात बोलले, "नौकरी माँगनेवाले नहीं, नौकरी देनेवाले बनो!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, मला अशी वाक्यं अजून भिडतात.

वैशालीने हात वर केला. "सर, आप देनेवाले हो ना? तो मेरा बी.एड. हो गया है..."

"अभी फिलहाल वेकेन्सी नहीं है," पाहुणे म्हणाले.

खरी मजा नंतर झाली. नाश्त्याची प्लेट ठेवायला मी मागच्या व्हरांड्यात गेले तर तिथे पाहुणे प्रिन्सिपल सरांशी हळू आवाजात बोलत होते. "सर, देखिए ना, आपके यहाँ गेस्ट फॅकल्टी में कुछ हो जाए तो..."

*

वैशालीच्या वडिलांची फोपनारला केळीची बाग आहे. पोरगी घरी का बसवत नाही, असं लोक विचारतात म्हणून त्यांनी गावात सांगून ठेवलंय, "वैशू बुऱ्हाणपूरला ऑफिसात आहे." कुठल्या ऑफिसात ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ऑफिस म्हटल्यावर गावात कोणी विचारलंही नाही.

याचा परिणाम म्हणून एक दिवस त्यांचे शेजारी, रघुनाथकाका, केळीचा घड खांद्यावर घेऊन जिना चढून आले. मागे त्यांचा बारावी झालेला पोरगा.

"वैशूताई, याले तुझ्या ऑफिसात चिकटव."

वैशालीला नाही म्हणता येत नाही. तिने आमच्याकडे पाहिलं, मग घडाकडे पाहिलं. "काका, सध्या आमच्याकडे भरती बंद आहे."

"मग उघडली की सांग, माय."

काका घड ठेवून गेले. केळी पिकेपर्यंत वैशाली अपराधी चेहऱ्याने फिरत होती, पिकल्यावर मात्र सगळ्यात जास्त तिनेच खाल्ली.

महिन्याभराने तो पोरगा एकटाच आला, हातात मावा जिलेबीचा पुडा. केळीच्या वेफर्सच्या कारखान्यात लागला होता! "ताई, तुमच्याच कृपेने झालं," म्हणत तो वैशालीच्या पाया पडला.

वैशालीने त्याला उठवलं. दार लोटून घेतलं. आणि हळूच विचारलं, "तिथे अजून एखादी जागा आहे का रे?"

*

दिवाळी जवळ आली. आमच्यापैकी एकीचाही निकाल लागला नव्हता. एक परीक्षा पुढे ढकलली गेली, एक रद्द झाली, एका परीक्षेचं प्रकरण कोर्टात गेलं. आम्ही पुस्तकं गोणीत भरायला घेतली.

त्याच आठवड्यात पुण्याहून पिंकी आली. काकूंनी गल्लीभर सांगितलं, "दिवाळीची सुट्टी आहे!" पिंकीने रिक्षातून सामान उतरवलं. दोन बॅगा, गादी, टेबलफॅन आणि कुकर.

ज्योती खिडकीतून पाहत होती. "सुट्टीला कोणी कुकर घेऊन येतं का गं?"

दोन दिवसांनी काकू म्हणाल्या, पिंकीचं घरून काम आहे. पिंकी लॅपटॉप उघडून ओसरीवर बसायची. तिची खोली भाऊ-वहिनीने केव्हाच मुलांना दिली होती. वहिनी फार गोड बोलायची. चहा देताना विचारायची, "दीदी, छुट्टी कब तक है?" जेवायला वाढताना विचारायची, "दीदी, कब निकलना है?" एके दुपारी भाऊ म्हणाला, "आई, ही ओसरी आता मोकळी लागेल." काकूंनी उठून मोटर चालू केली. या वेळी पिंकीचं नाव निघालं नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी बँकवाली मॅडम खोली पाहायला आली, भावाला घेऊन. आम्ही गोण्या बांधून भिंतीशी उभ्या. मॅडमचा भाऊ पडद्यांसाठी खिडकीचं माप घेत होता. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की देश तरुणांचा आहे म्हणतात, तर त्यातली एक खोली आमची का नाही! पण मापाच्या आड येणारी गोणी मी बाजूला सरकवून दिली.

तेवढ्यात काकू जिना चढून आल्या. धापा टाकत दारात उभ्या राहिल्या.

"मॅडम, खोली नाही मिळणार."

"अहो, पण तुम्हीच तर बोलावलं! म्हणालात, पोरी बेरोजगार आहेत, जाणार आहेत."

"लागल्या. सर्विसला लागल्या पोरी."

"कुठे?"

काकूंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही काकूंकडे पाहिलं.

"पुण्याच्या कंपनीत," काकू म्हणाल्या. "घरून काम आहे."

मॅडमने गोण्यांकडे बोट दाखवलं. "तिघींनाही?"

"चौघींना," काकू म्हणाल्या, आणि जिन्यातून वाकून खाली ओरडल्या, "पिंके! गादी आण वर!"